मेणवलीचा वाडा
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानमालेत झालेले भाषण)



आजचा विषय एका घराचा आहे. देवळाच्या कार्यात घराची गोष्ट कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु हे घर, त्याच्या शेजारची दोन देवळे आणि त्यांच्यापुढचा नदीचा घाट ही तिन्ही कामे एकाच माणसाने एकाच जागी उभी केली. त्यांतले कोणते आधी सांगावे आणि कोणते मागून, हे ठरवणे अवघड आहे. म्हणून घराच्या दारातून आत शिरून नदीच्या दाराने बाहेर पडू.

वाई हे गाव सर्वांच्या परिचयाचे. कृष्णाबाईचे गाव, सात घाटांचे गाव, ढोल्या गणपतीचे गाव. पौराणिक परंपरेने त्याला विराटनगरी म्हटले आणि भाविकांनी दक्षिण काशी म्हटले. पेशवाईत रास्ते मंडळींनी ते नावारूपाला आणले. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली महागणपतीचे देऊळ बांधले आणि देवळाची मागची भिंत नदीच्या बाजूला माशाच्या तोंडासारखी निमुळती ठेवली, म्हणजे पुराचे पाणी दोन्ही अंगांनी दुभंगून जावे. ज्यांनी कृष्णेचा पूर पाहिला आहे त्यांना या युक्तीचे मोल समजेल. पुढच्या काळातही वाईची विद्येची परंपरा खंडली नाही. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा याच गावची, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेतले, आणि मराठी विश्वकोशाचे कामही याच गावात बसून झाले.

या वाईपासून नदीच्या वरच्या अंगाला साधारण तीन किलोमीटरवर मेणवली आहे. गाव लहान. १७६८ सालच्या डिसेंबरात औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव बाळाजी जनार्दन भानू यांना इनाम दिले. बाळाजी जनार्दन म्हणजेच नाना फडणवीस. त्या वेळी नानांचे वय सव्वीस.

नानांचे मूळ गाव कोकणातले वेळास. त्यांचे आजोबा बाळाजी महादजी हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर घाटावर आले आणि १७१९ साली दिल्लीच्या दंग्यात पेशव्यांचा जीव वाचवताना स्वतः कामी आले. तेव्हापासून फडणिशी या घराण्यात. फडणीस म्हणजे हिशेबाचा मुख्य. राज्याचा पैसा कोठून आला आणि कोठे गेला, हे ज्याच्या वहीत असते तो. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्याचा. एकोणिसावे वर्ष पुरे होण्याआधीच ते पानिपतावर होते. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी जो आकांत झाला त्यातून ते कसेबसे निसटले, पण बरोबर आलेली आई कायमची अंतरली. त्यांनी स्वतः लिहिलेले छोटेसे आत्मचरित्र या पानिपताच्या हकिकतीशी येऊन थांबते. पुढे त्यांनी राज्यकारभाराची हजारो पत्रे लिहिली-लिहविली, परंतु स्वतःविषयी पुन्हा काही लिहिले नाही. ज्याला घर या वस्तूची किंमत इतक्या लहान वयात अशा रीतीने कळली, त्या माणसाने पुढे जे घर बांधले त्याकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

वाडा उभा राहिला तो १७८० च्या सुमारास. हा काळ नानांना स्वस्थतेचा होता असे मुळीच नव्हे. १७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. दुसऱ्या वर्षी बारभाईंचे कारस्थान उभे राहिले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. पाळण्यातल्या मुलाच्या नावाने राज्य चालवायचे, राघोबादादांना आवरायचे, इंग्रजांशी लढायचे आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह पुरा करायचा, अशा धामधुमीत मेणवलीचे दगड घडवले जात होते. पुण्यात नानांचा वाडा होता, बेलबागेचे विष्णुमंदिरही त्यांचेच. मग नदीकाठच्या या आडगावात एवढा मोठा वाडा कशासाठी? इनामाचे गाव, कृष्णेचा तीर, शेजारी वाईसारखे क्षेत्र आणि पुण्याच्या राजकारणापासून चार पावले दूर, असे हे ठिकाण. पुढेमागे येथे येऊन स्नानसंध्या करीत राहावे, असा हेतू मनात असावा हे वाड्याच्या ठेवणीवरून उघड दिसते. तो हेतू सिद्धीस गेला नाही. ते पुढे येईलच.

आता वाडा पाहू. सुमारे दीड एकराची जागा आणि भोवती वीस फूट उंचीचा तट. आत एकामागून एक असे सहा चौक. हल्लीच्या पिढीने चौकाचे घर पाहिलेले नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगावे लागते. चौक म्हणजे मोकळे अंगण, चारी बाजूंनी सोपे आणि मधोमध आभाळ. उजेड आणि वारा चौकातूनच यायचा, कारण बाहेरच्या तटाला खिडक्या ठेवणे त्या काळी शहाणपणाचे नव्हते. पहिल्या चौकात येणाराजाणारा, दुसऱ्यात कारभार, आणि जसजसे आत जावे तसतसे घरचे माणूस. कोणी कोणत्या चौकापर्यंत यायचे हे सांगावे लागत नसे. उंबरठाच सांगत असे.

बांधणीची रीत आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना ठाऊक आहे. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर दगडी तळखडे आणि तळखड्यावर सागवानी खांब. खांबाचा पाय मातीला लागता कामा नये, कारण ओल आणि वाळवी तेथूनच चढते. खांबावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट, म्हणून त्याला कडीपाट म्हणतात. सगळा भार खांबांवर, भिंत ही केवळ आडोशाला. एखादी भिंत ढासळली तरी माडी खाली येत नाही, ही या लाकडी सांगाड्याची मोठी सोय. चुना घाणीत दिवसचे दिवस मळायचा. तो मळताना घाई केली तर पन्नास वर्षांनी कळते, आणि तेव्हा घाई करणारा सापडत नाही.

मेणवलीच्या भिंतींवर रंगीत चित्रे काढलेली आहेत. देवादिकांची चित्रे, आणि त्याभोवती वेलबुट्टी. पेशवाईतल्या रंगाऱ्यांचे इतके काम ज्या मोजक्या घरांत टिकले त्यांत या वाड्याची गणना होते. या चित्रांना माणसापेक्षा पाण्याचे भय अधिक. वर एक कौल सरकले की भिंतीतून ओल उतरते, आणि दोनशे वर्षांचा रंग एका पावसाळ्यात पोपडा धरून गळून पडतो. चित्रे पाहणारे कौलांकडे पाहत नाहीत, ही सगळ्याच जुन्या वास्तूंची रड आहे.

एक गोष्ट मात्र येथे सांगितली पाहिजे. वाडा नानांचा, हे सर्वत्र लिहिलेले सापडते. परंतु ते दगड कोणत्या पाथरवटाने घडविले, तुळया कोणत्या सुतारांनी रंध्यावर धरल्या, भिंतीवरचा गणपती कोणाच्या हातचा, हे सांगणारा एकही दगड तेथे नाही. इनामाचे गाव म्हणजे त्या गावचा वसूल इनामदाराकडे. तेव्हा कुणब्याच्या खळ्यावरचा दाणाही त्या जोत्यात आहे, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

आता राज्याची घडी कशी विस्कटली ते थोडक्यात. १७९५ च्या मार्चात खर्ड्याला निजामावर मोठा विजय मिळाला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव गेले. ज्या मुलाला नानांनी पाळण्यापासून वाढवले तो एकविसाव्या वर्षी गेला आणि राघोबादादांचे चिरंजीव बाजीराव गादीच्या वाटेवर आले. १७९६ मध्ये पुण्यात राहणे धोक्याचे झाले तेव्हा नाना साताऱ्याकडे, तेथून वाईला आणि वाईहून घाट उतरून महाडाकडे गेले. मेणवली अगदी हाताशी होती. ज्या घरात निवांत बसायचे योजले होते, त्या घराच्या वेशीवरून जीव मुठीत धरून पुढे जावे लागले! पुढे कारभारात परत आले, पण १७९७ च्या ३१ डिसेंबरला दगा होऊन पकडले गेले आणि काही महिने अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत राहिले. सुटून आल्यावर पुन्हा कारभार हाती घेतला आणि त्या ओझ्याखालीच १३ मार्च १८०० रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला.

नानांना ‘साडेतीन शहाण्यां’तला अर्धा शहाणा म्हणत. सखारामबापू, देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, कारण ते मसलत आणि तलवार दोन्ही जाणत. नाना अर्धे, कारण त्यांच्या हाती केवळ लेखणी. ही थट्टा लोकांच्या तोंडी आजही आहे. पण पाळण्यातल्या पेशव्यापासून पुढे पंचवीस वर्षे या लेखणीने राज्य तोलून धरले, हे थट्टा करणाराने विसरू नये.

खरी गोष्ट यापुढची आहे. नाना गेले तेव्हा त्यांच्या पत्नी जिऊबाई अवघ्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. पोटी संतान नाही, पाठीशी वडीलधारे कोणी नाही. नानांच्या संपत्तीविषयी पुण्यात नाना तऱ्हेच्या वावड्या, आणि दुसऱ्या बाजीरावांची दृष्टी त्या संपत्तीवर. फडणविसांची मालमत्ता जप्त झाली, त्यात मेणवलीचा वाडाही गेला. हे पोर कोणाच्या आधाराने उभे राहिले? लोहगडच्या किल्लेदाराच्या. धोंडो बल्लाळ नित्सुरे हा नानांचा माणूस. लोहगडावर नानांच्या सांगण्यावरून बांधलेल्या विहिरीवर याचे नाव कोरलेले आहे. धन्याच्या मागे याने किल्ला बाजीरावांच्या हवाली केला नाही. जिऊबाईंना गडावर ठेवून घेतले आणि दरवाजे लावून बसला. नानांचे जन्मभर खाल्लेले इतर पुष्कळ होते. त्या वेळी दार लावून बसणारा हा एक निघाला.

१८०३ मध्ये इंग्रजांचे सेनापती आर्थर वेलस्ली, जे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून विलायतेत मोठे झाले, ते मध्ये पडले. किल्ला सोडावा आणि बाईंच्या जीविताची व अब्रूची हमी इंग्रजांनी घ्यावी, असे ठरले. वर्षाला बारा हजार रुपयांची नेमणूक झाली आणि जिऊबाई पनवेलीस जाऊन राहिल्या. इंग्रजांनी हे केवळ दयाबुद्धीने केले असे समजण्याचे कारण नाही. नानांसारख्या माणसाची विधवा आपल्या आश्रयाला आहे, ही गोष्ट त्या राजकारणात त्यांच्या उपयोगाची होती. परंतु बाईंच्या दृष्टीने पाहिले तर दुसरा मार्ग कोणता होता? स्वतःच्या पेशव्याच्या भयाने नाना फडणविसांच्या बायकोने इंग्रजाच्या छत्राखाली जावे, याहून त्या राज्याच्या शेवटाची वेगळी खूण शोधण्याची गरज नाही. १८१८ साल त्यानंतर पंधरा वर्षांनी आले.

पुढे मेणवली आणि तिथला वाडा जिऊबाईंकडे परत आला आणि त्या येथे येऊन राहिल्या. पती या घरात निवांतपणे राहू शकला नाही, ते घर पत्नीने वसते ठेवले. दत्तकाने घराणे पुढे चालले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांच्या पत्नी १८४८ ते १८५३ या काळात हिंदुस्थानात होत्या. त्या मुद्दाम मेणवलीला येऊन नानांच्या विधवेला भेटून गेल्या आणि आपल्या १८५७ साली छापलेल्या प्रवासाच्या पुस्तकात त्यांनी ती भेट नोंदविली. तोवर शनिवारवाडा आगीत जळून वीस-पंचवीस वर्षे झाली होती, ब्रह्मावर्तास जाऊन बाजीरावही संपत आले होते किंवा संपले होते, साताऱ्याचे राज्यही १८४८ मध्ये खालसा झाले होते. आणि मेणवलीत नाना फडणविसांच्या घरी दिवेलागणीला दिवा लागत होता. वाडा टिकला तो तटामुळे नव्हे. जुन्या घराला राहता माणूस लागतो. बंद घर दहा वर्षांत जितके पडते तितके वसते घर शंभर वर्षांत पडत नाही, हे आपल्या गल्लीतल्या घरांवरूनही कोणाला ताडता येईल.

नानांनी पुरलेले धन मेणवलीत असावे, अशी बोलवा पुष्कळ काळ होती. धन निघाले ते निराळे. त्या काळी सरकारी कागद आणि घरचा कागद असा आजच्यासारखा भेद नव्हता. कारभाऱ्याचे दप्तर कारभाऱ्याच्या घरी. पुण्याचे पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले, पण नानांच्या कागदांचे रुमाल मेणवलीच्या वाड्यात राहिले. ठिकठिकाणच्या वकिलांची पत्रे, सरदारांची पत्रे, हिशेबाचे ताळेबंद, सगळे मोडीत. विसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याचे रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी हे दप्तर मिळविले. पारसनीसांनी १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ मासिक काढून जुने कागद छापायचा सपाटाच लावला होता. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले, ते १९२५ साली उघडले आणि दुसऱ्याच वर्षी पारसनीस वारले. १९३९ मध्ये हा सारा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलविण्यात आला. अभ्यासक ज्याला ‘मेणवली दप्तर’ म्हणतात ते हेच.

कागद मेणवलीतून गेले याचा विषाद वाटणारे लोक आहेत, आणि तो वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कसर, उंदीर आणि गळके छप्पर या तिघांपुढे कोणत्याही खाजगी घराचा निभाव लागत नाही. किती घराण्यांच्या माळ्यांवरचे रुमाल चुलीत गेले, वाण्याच्या पुड्यांना गेले, नदीत सोडले गेले, याची गणती नाही. आपल्या गावात कोणाच्या माळ्यावर मोडी कागद असतील तर ते जाणत्याला दाखवल्याशिवाय टाकू नयेत, एवढे येथे जाता जाता सांगणे भाग आहे.

आता नदीच्या दाराने बाहेर पडू. वाड्यामागे कृष्णा, आणि कृष्णेला चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट. पायऱ्या अशा बेताने घातल्या आहेत की उन्हाळ्यातल्या कमी पाण्यालाही बायकांना घागर बुडवता यावी आणि पावसाळ्यात पाणी चढले तरी वरचा टप्पा मोकळा राहावा. अलीकडे वरच्या अंगाला धोमचे धरण झाल्यापासून नदीचा जुना स्वभाव पालटला आहे. घाटावर दोन देवळे, एक विष्णूचे आणि एक मेणेश्वर महादेवाचे. सिनेमावाल्यांनाही या घाटाची भुरळ पडली. २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटात हे गाव आणि हा घाट साऱ्या जगाने पाहिला. आता येणारी पुष्कळ मंडळी नानांचे नाव घेत नाहीत, सिनेमातली जागा कोणती तेवढे विचारतात. त्यातही वाईट काही नाही. पाय तर लागतात.

देवळाजवळ एका लहानशा दगडी घुमटीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. पंचधातूची ही घंटा साडेसहाशे किलो वजनाची असल्याचे सांगतात. तिच्यावर इ. स. १७०७ हे साल आहे, आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेची मूर्ती आहे. ही घंटा एका फिरंगी चर्चमधली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि निरनिराळ्या देवस्थानांना दिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच, भीमाशंकराचीही त्यांतलीच. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झाला नव्हता आणि मेणवली इनाम मिळाली ती त्यानंतर एकोणतीस वर्षांनी. म्हणजे ही घंटा मधला काळ दुसरीकडे कोठेतरी काढून मग मेणेश्वरापुढे आली.

वसईच्या मोहिमेत दोन्ही बाजूंची किती माणसे पडली आणि ती लढाई किती कडवी झाली, हे इतिहास वाचणाऱ्याला ठाऊक आहे. राग नव्हता असे नाही. तरीही या घंटेवरची ती आई आणि ते मूल कोणी छिन्नीने खरवडून काढले नाही. ना आणणाऱ्या शिपायांनी, ना टांगणाऱ्या लोहारांनी, ना पूजा करणाऱ्या गुरवांनी. कानस मारली असती तर अर्ध्या दिवसाचे काम होते. शंकराच्या देवळापुढे ती मूर्ती तशीच राहिली, आणि घंटेचा नाद वाड्याच्या आतल्या चौकापर्यंत, जिऊबाईंच्या देवघरापर्यंत जात असला पाहिजे.